पाणी कुठलं?

आमच्या हिंगोली जिल्ह्यात दात काढून घ्यायला कुणी भीत नाही, भितात ते दात काढणाऱ्याला. आणि तो दात काढणारा माझ्या दुर्दैवाने माझा साडू लागतो. जगातला सगळा राग एका माणसात भरून त्याला पांढरा कोट चढवला की आमचे साडू तयार होतात. हिंगोलीत मोंढ्यामागच्या, म्हणजे हळदीच्या बाजारामागच्या, गल्लीत त्यांचा दवाखाना आहे. बाहेरगावच्या माणसाला पत्ता सांगावा लागत नाही, गल्लीच्या तोंडाशी उभं राहून ओरडण्याचा आवाज ज्या बाजूने येईल तिकडं चालू लागायचं. नव्या माणसाला वाटतं, पेशंट ओरडतोय. पेशंट बिचारा कापूस चावत गप्प बसलेला असतो, ओरडत असतात ते डॉक्टर. ते वयाने मोठे म्हणून मी त्यांना अहोजाहो करतो, राग आला की मनातल्या मनात अरेतुरेवर येतो, आणि राग मला त्यांचा सारखाच येतो. मीही काही थंड डोक्याचा नाही. कळमनुरी तालुक्यातल्या शाळांत जन्मभर मास्तरकी केली, पोरांवर ओरडून माझाही घसा तयार झाला आहे. आम्ही दोघे एका खोलीत बसलो की आमच्या बायका, म्हणजे सख्ख्या बहिणी, आधी खिडक्या लावून घेतात.

साडूंचा राग कशाकशावर असतो हे सांगण्यापेक्षा कशावर नसतो ते सांगणं सोपं. गुटख्यावर असतो, मिश्रीवर असतो, रडणाऱ्या लेकराच्या हातात बिस्किटाचा पुडा कोंबणाऱ्या आईवर असतो. उशिरा आलेल्या पेशंटवर असतो, ‘दाढ मेली अन् आता आणली व्हय, दहाव्याला?’ वेळेवर आलेल्यावरही असतो, ‘दुखत न्हाई, तर काहून आलात?’ आठवड्यातून एकदा ते वारंगा फाट्यावर टायरच्या दुकानावरच्या खोलीत बसतात. तिथं येतात ते ट्रक ड्रायव्हर, म्हणजे अंगाने दोन माणसांएवढे आणि दाताच्या बाबतीत लेकरापेक्षा भित्रे. असाच एक जण खुर्चीचे हात घट्ट धरून म्हणाला की डॉक्टरसाहेब, जरा हळू. साडू त्याच्यावर असे खेकसले की खाली पंक्चर काढणारा वर बघू लागला. ‘हात हळूच हाय माझा. तोंडाकडं काय ध्यान देऊन राहिला?’ आणि ते खरं होतं. त्या माणसाची दाढ तोपर्यंत ताटलीत पडलेली होती आणि त्याला पत्ता नव्हता. ज्याने साडूंच्या तोंडाची तकलीफ सोसली, त्याला पुढं दातांची तकलीफ राहत नाही, अशी त्यांची ख्याती आहे. म्हणूनच लोक शिव्या खाऊन परत येतात आणि येताना चुलत्यालाही घेऊन येतात.

पण त्यांचं खरं वेड पाण्याचं. पेशंट खुर्चीत बसला की इतर डॉक्टर ‘काय होतंय’ असं विचारतात. आमचे साडू पहिला प्रश्न विचारतात, ‘पाणी कुठलं?’ माणसाचं नाव, गाव, जात, पक्ष, कशाशी त्यांना देणंघेणं नाही. तो कुठलं पाणी पिऊन मोठा झाला, एवढंच त्यांना कळायला हवं असतं. आमच्या भागात काही बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. लेकराचे पक्के दात हिरडीच्या आत घडत असतात त्या वयात ते पाणी पोटात गेलं की दात बाहेर येतानाच खडूसारखे पांढरे पट्टे नाहीतर तंबाखूसारखे तपकिरी डाग घेऊन येतात, आणि ते दाताच्या अंगातच मुरलेले असल्यामुळं घासून जात नाहीत. साडूंना हे डाग कुठंही दिसतात. एकदा हिंगोलीच्या एसटीत समोरच्या अनोळखी गृहस्थाने जांभई दिली, तर साडू पुढं झुकून त्याला म्हणाले की हातपंपाचं पाणी ना? त्या गृहस्थाने आधी खिसा चाचपला आणि मग जागा बदलली. लग्नाला गेले की अक्षता टाकायच्या आधी ते पाण्याच्या जारजवळ जातात, आणि यजमान हात जोडून ‘या डॉक्टरसाहेब’ म्हणत पुढं आला की त्याच्या नमस्काराला उत्तर म्हणून त्याला विचारतात, ‘पाणी कुठलं?’ त्यांच्या स्वतःच्या दातांचं म्हणाल तर ते चहाने पिवळेजर्द आहेत. कुणी धीर करून तसं म्हणालाच तर त्यांचं उत्तर ठरलेलं आहे, ‘पिवळे हायेत, किडके न्हाईत.’

माणसं मोबाइलमध्ये स्वतःचं तोंड बघायला लागली तेव्हापासून मात्र साडूंच्या रागाला पूरच आला. दात दुखत नाही, हलत नाही, किडलेला नाही, तरी पोरंपोरी येतात आणि म्हणतात, पांढरे करून द्या. एक होतकरू नवरदेव तर पडद्यावरच्या कुठल्याशा नटाचा फोटो घेऊन आला आणि अस्से पाहिजेत म्हणाला. साडूंनी त्याला अर्धा तास खुर्चीत अडकवून ठेवलं आणि सगळं शास्त्र ओरडून सांगितलं. मी बाहेर बाकावर बसलो होतो, म्हणून मलाही ते पाठ झालं. फोटोतले दात त्या माणसाचे नव्हेतच, वरून चिकटवलेले आहेत. देवाने दिलेला दात मुळात पांढराफेक नसतो. वरचं कवच काचेसारखं, आतला थर पिवळसर, आणि वय वाढेल तसं वरचं कवच झिजून आतला पिवळा जास्त दिसतो. पांढरं करायचं औषध म्हणजे पेरॉक्साइडचं जेल. ते दात खरवडत नाही. त्यातून निघणारा ऑक्सिजन कवचात झिरपतो आणि आतल्या रंगाचे तुकडे करतो. तुकडे इतके बारीक झाले की रंग डोळ्याला दिसत नाही. डॉक्टरने दात-हिरड्या तपासून, बरोबर ताकदीचं जेल, हिरडी झाकून, ठरल्या वेळापुरतं लावलं तर त्यात धोका नाही. चार दिवस थंड-गरम झोंबतं, मग आपोआप थांबतं. पण किडीवर लावलं तर आग होते, टोपी बसवलेल्या दातावर लावलं तर काहीच होत नाही, आणि झालेला पांढरेपणा जन्माला पुरत नाही, चहा-तंबाखू चालू असला की पुन्हा आहे तिथंच. इतकं ऐकून त्या नवरदेवाने हळूच सांगितलं की तो महिनाभर लिंबू आणि सोडा घासतोय. त्यावर साडू जे बोलले त्यातलं छापण्यासारखं एकच वाक्य आहे, ‘दात हाय का पितळेचा तांब्या, लिंबू लावून उजळायला?’

आता माझ्या लेकीबद्दल सांगायला हवं. प्रतीक्षा लहान असताना माझी बदली तालुक्यातल्या अशा एका गावी झाली होती जिथं बोअरशिवाय पाणी नव्हतं. सगळं गाव तेच पीत होतं, आम्हीही प्यायलो. पाणी दिसायला नितळ आणि चवीला गोड होतं. दुसरं पाणी मागायचं तर कुणाकडं मागणार होतो? तिचे दुधाचे दात पडले, पक्के आले, आणि समोरच्या दातांवर तपकिरी डाग आले. साडूंनी तिचं तोंड उघडून बघितलं तेव्हा ते माझ्यावर ओरडले, बोअर खणणाऱ्यावर ओरडले, जमिनीखालच्या दगडावरही ओरडले. शाळेत पोरं तिला चिडवायची. तिची आई म्हणायची, ‘हसतील त्यांचे दात दिसतील.’ एके दिवशी पोरगी शांतपणे म्हणाली, ‘आई, मी हसले की माझे दिसतात.’ त्या दिवसापासून ती हसताना तोंडावर हात धरू लागली. ती मोठी झाली, शिकली, औषधाच्या दुकानात नोकरीला लागली, तरी हात तिथंच. मला तिच्या हसण्याचा आवाज ठाऊक होता. तिचं हसू कसं दिसतं ते मी पुरतं विसरून गेलो होतो, आणि याचा राग कुणावर काढावा हेही मला कळत नव्हतं.

नांदेडचं स्थळ आलं. मुलगा सरळ होता, दोघांचं आधीच फोनवर बोलणं होऊन पसंती झाल्यासारखी होती, बघायला येणं म्हणजे रीत पाळायची एवढंच. मुलाला आई नव्हती, आत्याने वाढवलेलं. चहा झाला, पोहे झाले, आणि आत्याबाई पदर सावरत म्हणाल्या, ‘पोरगी लाखात एक हाय. दातांचं तेवढं बघा. आजकाल पांढरे करून भेटतात म्हणं. लग्नाच्या आधी करून घ्या.’ प्रतीक्षाचा हात तोंडाकडं गेला. मुलगा आत्याला काही म्हणणार तेवढ्यात सोबत आलेल्या त्याच्या मामाने त्याचा गुडघा दाबला. बघायला आलेल्यांपुढं मुलीच्या बापाने चिडायचं नसतं, हा नियम ज्या कुणी केला त्याला मुलगी नसावी. माझ्या कानशिलात घण पडत होते आणि मी ‘हो हो, बघू’ म्हणत त्यांना आणखी पोहे वाढत होतो. ते माझं पोहे वाढणं आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

साडूंना त्या दिवशी तोंड उघडायचं नाही अशी शपथ घालून बसवलं होतं. ते उठले, आत्याबाईंच्या समोर जाऊन उभे राहिले आणि अत्यंत नम्रपणे, म्हणजे फक्त शेजारच्या घरापर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात, म्हणाले, ‘पोरीचे दात पाण्यानं खाल्ले बाई, पोरीनं काही न्हाई खाल्लं. तुमी कुठलं पाणी पेता?’ बोलायला म्हणून आत्याबाईंनी तोंड उघडलं तर साडू आत डोकावून म्हणाले की तुमची खालची दाढ हलून राहिली, आधी ती दाखवा. पाहुणे उठले. मुलाने दोन दिवसांनी स्वतः फोन करून लग्न पक्कं आहे असं सांगितलं म्हणून निभावलं. ते दोन दिवस आमच्या घरात कुणी धड जेवलं नाही. मी साडूंशी बोलणं टाकलं. त्यांच्यासारखंच मला बोलायचं होतं आणि ते बोलून मोकळे झाले, याचाही राग त्यात असावा.

साडूंशी बोलणं बंद, आणि काकांच्या तोंडाची पोरीला धास्ती. त्यामुळं व्हायचं तेच झालं. नवरीच्या मेकअपचं ठरवायला प्रतीक्षा एका पार्लरमध्ये गेली, तिथं त्या सगळ्या सोपस्कारांत दात चमकवणंही होतं. कुठलं जेल, किती ताकदीचं, कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. हिरड्या झाकायच्या असतात हे त्या बाईला ठाऊक नव्हतं. पोरगी घरी आली ती ओढणीचा बोळा तोंडात धरून. हिरड्या भाजल्यासारख्या पांढऱ्या पडलेल्या, दात असे झोंबत होते की वाऱ्याने डोळ्यांतून पाणी यावं, आणि डागांच्या भोवतीचे खडूसारखे पट्टे पहिल्यापेक्षा जास्तच उठून दिसत होते. अबोला गेला खड्ड्यात. तिला मोटारसायकलवर बसवलं आणि मोंढ्यामागची गल्ली गाठली. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की आज हे ओरडले तर मीही ओरडणार.

साडूंनी तिचं तोंड बघितलं. हिरड्या पाण्याने धुतल्या, हलक्या हाताने मलम लावलं, तिला ओठ मिटायला सांगितलं. ‘पी हळद अन् हो गोरी,’ एवढंच ते पुटपुटले. मग कोट तसाच अंगावर ठेवून रस्त्यावर उतरले आणि तडक त्या पार्लरमध्ये शिरले. मी मागून धावत होतो. पार्लरवालीच्या हातातून बाटली घेऊन त्यांनी उलटीपालटी केली. औषधाची ताकद कुठंच लिहिलेली नव्हती. मग जे सुरू झालं ते ऐकायला समोरचा सोनार काम टाकून दारात आला. ती बाई रडायला लागली. वरून माल येतो, माल देणाऱ्याने मोबाइलवर दाखवलं तसं लावते, मला काय ठाऊक डॉक्टरसाहेब, असं म्हणू लागली. तिचाही दोष म्हणावा तर तिला शिकवलं कुणी? साडूंचा आवाज मध्येच खाली आला. त्यांना रडणाऱ्या बाईवर ओरडता येत नाही हे गुपित मला तेव्हाच कळलं. त्यांनी तिला खुर्चीत बसवलं, आणि हिरडी म्हणजे काय, ती कशी झाकतात, आणि हे काम तिने का करायचं नाही, हे तिला समजावून सांगितलं. बाहेर आल्यावर मात्र तो राहिलेला सगळा राग त्यांनी माझ्यावर काढला, की मी पोरीला त्यांच्याकडं आधी का आणलं नाही. मीही सोडलं नाही. भर रस्त्यात, हळदीची पोती वाहणाऱ्या हमालांच्या वाटेत उभे राहून, आम्ही एकमेकांवर मनसोक्त ओरडलो, आणि मग कोपऱ्यावर चहा घेतला.

हिरड्या भरून आल्या. मला वाटलं, विषय संपला. पण प्रतीक्षा स्वतःच त्यांच्याकडं गेली आणि म्हणाली, आता तुम्ही करा. मी सोबत होतो. साडू तिच्याकडं रोखून बघत राहिले.

‘त्या आत्याबाईसाठी करून राहिली का?’

‘न्हाई काका. मला हात खाली ठेवून हसायचंय.’

मी खिडकीतून बाहेर बघायला लागलो. साडू उठून कपाटात काहीतरी खुडबुड करू लागले. पाठमोरेच बोलले, आणि जे बोलले ते सगळं खरं बोलले. डाग पुरते जाणार नाहीत. तपकिरी रंग फिका होईल, भोवतीचा दात उजळला की डाग त्यात मिसळून जाईल, बघणाऱ्याला शोधावा लागेल, एवढंच. आणि एका बैठकीत काही होणार नाही. त्यांनी तिच्या दातांचा साचा घेतला, त्यावर बसणारा पातळ ट्रे बनवला, कमी ताकदीचं जेल दिलं. रोज दुपारी ठरलेला वेळ लावायचं, झोंबलं तर एक दिवस थांबायचं. आणि शेवटची अट सांगितली तिथं आमचं घर पेटलं. हे चालू आहे तोवर दाताला रंग धरेल असं काही खायचं नाही. चहा नाही, आणि हळद नाही.

हिंगोलीत हळद नाही! ज्या गावात उन्हाळ्याच्या तोंडाला वारासुद्धा पिवळा वाहतो, वाळत घातलेल्या धोतरावर हळद बसते, तिथं लग्नघरात बिनहळदीचं वरण शिजवायचं. माझी बायको भडकली. ‘घरात मंगलकार्य, अन् मी पांढरं वरण लावू? सुतक हाय का आपल्या घरी?’ असं तिने आपल्या बहिणीच्या नवऱ्याला तोंडावर विचारलं. साडू म्हणाले, ‘सुतक न्हाई, पोरगी हाय घरात.’ पुढं त्या दोघांचं बोलणं बंद झालं. पण बायकोने चुलीच्या कडेला एक वेगळं पातेलं चढवलं. पांढरं वरण, भात, दही, मुळ्याच्या किसाची कोशिंबीर. आदळआपट करत ती ते रोज करायची. काही दिवसांनी सहज माझं लक्ष गेलं तर लेकीच्या शेजारी बसून तीही तेच पांढरं वरण खात होती. बोललो असतो तर तिने पळी फेकून मारली असती.

सगळं लग्नाच्या दिवसावर बसवलं होतं. हिरड्या भरण्यात दिवस गेले होते, म्हणून जेल लावणं लग्नाच्या तोंडाशी संपत होतं. लग्नाच्या दिवशी दात उजळलेले असणार, ठरलं. मी ठरवलं, बायकोने मान्य केलं, साडूंनी होकार दिला. लग्नाच्या आदल्या दिवशी हळद असते, हे आम्हा तिघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही. जेवणातून चिमूट चिमूट हळद वेचून काढणारी माणसं आम्ही, आणि आता पोरीला हळदीने न्हाऊ घालायला परात भरून ठेवली होती. साडूंना हे कळलं ते मांडवात पाय ठेवताना. मोंढ्यामागं उभा जन्म काढलेला तो माणूस परातीकडं बघत राहिला, आणि मग हळदीवरच ओरडायला लागला.

त्यानंतरचा हळदीचा समारंभ आमच्या सगळ्या गणगोताच्या लक्षात आहे. बायकांच्या घोळक्यात एकटा पुरुष, तोही डॉक्टर, पाटाशेजारी पोलिसासारखा उभा. कपाळाला लावा, हाताला लावा, तोंडाजवळ न्हाई, ओठ मीट, तू तिकडं हो, असं चाललेलं. गाणी म्हणणाऱ्या बायका त्यांना भिऊन चुकत होत्या. प्रतीक्षा ओठ घट्ट मिटून, पायांपासून डोक्यापर्यंत पिवळी होऊन बसली होती. तेवढ्यात नवरदेवाची उष्टी हळद घेऊन आत्याबाई आल्या. त्यांच्या मनात काही नव्हतं. रीतीप्रमाणे मूठभर हळद घेतली आणि मायेने पोरीच्या तोंडावरून फिरवायला हात पुढं केला. साडूंनी झेप घेतली. ती सगळी मूठ त्यांच्या तोंडात, मिशांत, चष्म्यावर बसली. आणि त्या अवस्थेत, पिवळ्या दातांतून पिवळी हळद उडवत, ते आत्याबाईंना विचारू लागले की त्यांनी ती दाढ दाखवली की नाही.

प्रतीक्षा हसली. पोटात मावेना असं हसली. हात हळदीने भरलेले, ते मांडीवरच राहिले. हसता हसता गालावरची हळद ओघळून ओठांवर आली, आत गेली, इतक्या दिवसांच्या मेहनतीचे दात पिवळे झाले, आणि ती थांबेना. बायकोने पदर पुढं केला. आत्याबाई ओशाळून म्हणाल्या की अगं बाई, दात. सगळ्यांनी साडूंकडं बघितलं, आता हा माणूस मांडव पेटवणार म्हणून. त्यांनी चष्मा काढला, धोतराला पुसला आणि पोरीकडं बघितलं.

‘हसू द्या,’ ते म्हणाले. ‘चूळ भरली की जाते ती.’

पाठवणीच्या वेळी बाकीचे सगळे रडत होते. साडू गाडीच्या मागच्या सीटवर पाण्याचा फिल्टर नीट बसत नाही म्हणून ड्रायव्हरवर ओरडत होते. तोच त्यांचा आहेर होता.

याला आता काही वर्षं झाली. ते म्हणाले होते तसंच झालं; दातांचा उजळपणा थोडा उतरला, डाग शोधला तर दिसतो. प्रतीक्षा तो शोधत नाही. परवा व्हिडिओ कॉलवर तिने दिवस गेल्याचं सांगितलं आणि काकांना चिडवायला म्हणून विचारलं की पुन्हा एकदा दात उजळून देता का. साडू आमच्याकडंच बसले होते. पोटातलं बाळ बाहेर येऊन अंगावरचं दूध सुटेपर्यंत जेलचं नाव काढायचं नाही, असं ते एवढ्या मोठ्याने म्हणाले की फोनची गरज नव्हती. ती हसली, हात कुठंच नव्हता. मग साडूंनी तोच प्रश्न विचारला, या वेळी हळू आवाजात. ती म्हणाली, बोअर आहे काका, आणि तुमचा फिल्टरही आहे.

दुसऱ्या दिवशी धुतलेल्या दोन बाटल्या पिशवीत घालून ते नांदेडच्या एसटीत बसले. दोन्ही त्यांनी प्रतीक्षाच्या घरच्या प्यायच्या पाण्याने भरून आणल्या आणि एक तपासायला दिली. निकाल आला त्या दिवशी ते आमच्या घरी आले, दुसरी बाटली माझ्यासमोर ठेवली आणि खुर्चीत बसून राहिले. मी म्हटलं, खराब निघालं का? त्यांनी नकारार्थी मान हलवली. पाणी चांगलं होतं. फ्लोराइड पाहिजे तेवढंच, एका लेकराचे दात नीट घडतील असं. मग तोंड असं का केलंय, म्हणून मी चिडून विचारलं.

‘हे पाणी तवा पाहिजे होतं, भाऊ,’ ते म्हणाले.

बायकोने दोन पेले आणून ठेवले आणि सवयीने खिडकी लावायला गेली, मग तशीच उघडी ठेवून आत निघून गेली. आम्ही दोघांनी ते पाणी अर्धं अर्धं ओतून घेतलं आणि पिऊन टाकलं.